मुदत टळलेलं अपील आणि ट्रंकेतला कागद

प्रश्न: आमची शेती निपाणी तालुक्यात. चुलतभावानं 2017 साली आमच्यावर दावा घातला, की बांधालगतचे 22 गुंठे त्याचे. तालुक्याच्या कोर्टात निकाल आमच्या विरुद्ध लागला, त्याला आता 14 महिने झाले. निकालानंतर दोनच महिन्यांनी आमचे वकीलसाहेब वारले. त्यांचा क्लार्क "नक्कल यायची आहे, आली की अपील टाकू" असं सांगत राहिला. वडील अंथरुणाला खिळले होते, मार्चमध्ये तेही गेले. मी इचलकरंजीत कामाला, आठवड्यातून एकदा गावी येतो. मागच्या महिन्यात ताब्याच्या दरखास्तीची (निकाल अमलात आणण्याच्या अर्जाची) नोटीस आली तेव्हा कळलं की अपील झालेलंच नाही. निकाल कन्नडमध्ये, आमचं सगळं शिक्षण मराठीत. नवे वकील म्हणतात, उशिरा अपील घालता येतं. शिवाय दावाच मुदतबाह्य होता हा मुद्दा आधी कुणी घेतला नव्हता, तो आता घेऊ. आईच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा वाटणीचा मोडी कागदही सापडलाय. कोर्ट हे सगळं ऐकेल का? सरकारी खात्यांना वर्षानुवर्षांचा उशीर माफ होतो, मग आम्हाला का नाही?
— निपाणी तालुक्यातील एक वाचक

उत्तर:

दादा, तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे अर्ज एकात एक गुंतलेत: उशीर माफ करा, नवा मुद्दा ऐका, नवा कागद घ्या. कोर्ट तिन्ही वेगळे मोजतं. पहिल्यात तुमची बाजू बरी आहे. दुसऱ्यात तुमच्या नव्या वकिलांना वाटतं तेवढी नाही. तिसऱ्याचं सगळं तुमच्या वडिलांच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) काय लिहिलंय त्यावर आहे. आणि हे पत्र पोस्टानं येईपर्यंत जे दिवस गेले, तेही आता तुमच्या हिशेबात धरले जाणार आहेत.

आधी उशिराचं बघू. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्ह्यातल्याच वरच्या कोर्टात अपील करायला मुदत कायद्यानं 30 दिवस दिलेत. (तिथंही हरलात तर धारवाडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील, त्याला 90 दिवस.) या 30 दिवसांत नकलेसाठी अर्ज केला असेल, तर अर्जाच्या तारखेपासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात. म्हणून पहिलं काम हे की कोर्टाच्या नक्कल विभागात जाऊन तुमच्या नावानं असा अर्ज खरंच पडला होता का, कधी पडला, नक्कल कधी तयार झाली आणि कुणी नेली, हे बघून या. क्लार्क खरं बोलत होता की वेळ मारून नेत होता, ते तिथल्या नोंदवहीत कळेल. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला असेल तर ते दिवस वजा होत नाहीत, पण तुमच्या हकिकतीला पुरावा म्हणून तो अर्जही चालतो.

मुदत टळल्यावर आधार मुदत कायदा, 1963 च्या कलम 5 चा. वेळेत न येण्याला "पुरेसं कारण" होतं असं तुम्ही कोर्टाला पटवलंत, तर कोर्ट अपील दाखल करून घेऊ शकतं. "शकतं" हा शब्द ध्यानात ठेवा. कारण पटलं तरी माफी हा तुमचा हक्क ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्येच रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स या खटल्यात सांगून ठेवलंय. मुदत संपली त्या दिवशी तुमच्या चुलतभावाच्या हातात एक पक्का निकाल पडला. तो काढून घ्यायचा, तर तसं कारण लागतं.

वकील मंडळी या अर्जात हटकून एका निकालाचा दाखला देतात: अनंतनागचे कलेक्टर विरुद्ध कातिजी, 1987. विलंबाकडे उदारपणे बघा, प्रत्येक दिवसाचा हिशेब मागताना शब्दाचा कीस पाडू नका, असं त्यात म्हटलंय. तुमच्या अर्जातही तो येईल, येऊ द्या. पण त्या प्रकरणातला उशीर अवघ्या 4 दिवसांचा होता, हे दाखला देताना सहसा कुणी सांगत नाही. तुमचा 13 महिन्यांचा आहे. त्यापेक्षा 1998 चा एन. बालकृष्णन यांच्या खटल्यातला निकाल तुमच्या जास्त कामाचा. तिथं उशीर 883 दिवसांचा होता आणि त्यामागं वकिलाचीच कुचराई होती. किती दिवस लागले यापेक्षा दिलेलं कारण पटण्यासारखं आहे का हे बघायचं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं आणि माफी दिली. उलट बाजूचं उदाहरण आपल्या कर्नाटकातलंच आहे. बसवराज विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, 2013. भरपाई वाढवून मागणारे शेतकरी साडेपाच वर्षं उशिरा आले, सांगण्याजोगं कारण नव्हतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत पाठवलं. कायदा कुणाला कडक वाटला तरी दयेपोटी मुदत वाढवता येत नाही, असा त्या निकालाचा सूर आहे.

सरकारला माफी आणि आम्हाला नाही, ही तुमची तक्रार एके काळी खरी होती. आता तेवढी राहिली नाही. 2012 मध्ये पोस्ट खात्याचं 427 दिवस उशिरा आलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलं: फाईल टेबलावर फिरत होती हे कारण आजच्या काळात चालणार नाही, कायदा सगळ्यांना सारखा. आणि 2025 मध्ये तर कर्नाटक गृहनिर्माण मंडळाला उच्च न्यायालयानं माफ केलेला 3966 दिवसांचा उशीर सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. समोर शिवम्मा नावाच्या बाईंचे वारस होते. तेव्हा सरकारकडे बोट दाखवून अर्जात काही साधणार नाही.

आता तुमची कारणं एकेक करून घेऊ. वकील वारले, हे भक्कम कारण आहे. मृत्यूचा दाखला जोडा. पण ते निकालानंतर दोन महिन्यांनी वारले म्हणता, म्हणजे 30 दिवसांची मुदत त्यांच्या हयातीतच संपली होती. विरुद्ध बाजूचा वकील पहिला हात इथंच घालणार. त्या पहिल्या महिन्यात तुम्ही त्यांना भेटलात का, अपिलाच्या फीचे पैसे दिलेत का, फोनपेवर पाठवले असतील तर त्याची नोंद, व्हॉट्सअॅपवर काही बोलणं झालं असेल तर तेही काढून ठेवा. "अपील करायचं असं आमचं ठरलं होतं" हे दाखवणारा एखादा साधा मेसेजही मोठ्या प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त बोलतो.

क्लार्क सांगत राहिला, हे कारण जपून वापरा. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, हे तत्त्व 1981 च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालापासून चालत आलंय. पण अलीकडे कोर्टांचा या सबबीवरचा विश्वास उडत चाललाय. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच म्हटलं, की सगळं खापर वकिलावर फोडून मोकळं होता येणार नाही, पक्षकारानंही आपल्या खटल्यावर लक्ष ठेवायला हवं. आज ई-कोर्ट्सच्या अॅपवर खटल्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की तारीख, निकाल सगळं मोबाईलवर दिसतं. "इचलकरंजीत मोबाईलला रेंज नव्हती का?" असं कोर्टात विचारलं गेलं तर राग मानू नका. म्हणून अर्जात नुसतं "क्लार्कनं फसवलं" असं लिहू नका. कोणत्या महिन्यात विचारलं, समोर भेटून की फोनवर, तो काय म्हणाला, हे लिहा. चार तारखा आठवत असतील तर चारच लिहा. पाचवी बनवू नका.

वडिलांच्या आजारपणाचे कागद दवाखान्यातून खरे काढा. आपल्याकडे पाठीमागची तारीख घालून मेडिकल सर्टिफिकेट देणारे भेटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, न्यायाधीशांनाही. त्या वाटेला जाऊ नका. समोरचा वकील डॉक्टरला साक्षीला बोलावू शकतो, आणि एक कागद खोटा निघाला की तुमची खरी कारणंही त्याच्याबरोबर बुडतात.

कन्नडचं कारण. मला याबद्दल जरा मोकळं बोलू द्या, कारण सीमाभागातले निम्मे पक्षकार हे कारण पहिल्या ओळीत लिहितात. दुःख खरं आहे. 1956 च्या आधी मुंबई राज्यात असताना आपल्या आजोबांनी मराठीत अर्ज केले, मराठीत निकाल ऐकले. आज नातवाला स्वतःच्या जमिनीचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. हे बदलावं म्हणून झगडणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे. पण विलंबाच्या अर्जात ते मुख्य कारण म्हणून टिकत नाही. निकाल लागला तेव्हा तुमचे वकील हयात होते आणि ते तुमच्याशी मराठीतच बोलत होते. त्यात घरातलं एखादं पोर कन्नड शाळेत शिकत असेल, तर समोरचा वकील नेमकं तेच काढणार. एका वाक्यात नोंद करा, त्यावर भिस्त ठेवू नका.

राहता राहिला सगळ्यात महत्त्वाचा काळ: नोटीस मिळाल्यापासून अपील दाखल होईपर्यंतचा. आधीचे बारा महिने कोर्ट एखाद्या वेळी समजून घेईल. अपील झालं नाही हे कळल्यावर तुम्ही महिनाभर काय करत होता, याला मात्र उत्तर लागतं. नोटीस आली ती तारीख, नव्या वकिलांना भेटलात ती तारीख, नकलेचा अर्ज केला ती तारीख. यांच्यामधलं अंतर जितकं कमी, तितकी तुमची बाजू जड.

आणि या अर्जात "आमची केस किती मजबूत आहे" हे पानंच्या पानं लिहू नका. विलंबाचा अर्ज ऐकताना मूळ वादात कोण खरं हे बघायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये पाथापाटी सुब्बा रेड्डी प्रकरणात सांगितलंय. तिथं उशीर 5659 दिवसांचा होता, आणि वारसांचं म्हणणं ऐकूनही तो माफ झाला नाही.

दुसरं, नवा मुद्दा. अपील अजून दाखल व्हायचंय, म्हणजे अपिलाच्या मेमोत (अपिलाच्या लेखी अर्जात) कोणते मुद्दे लिहायचे हे तुमच्या हातात आहे; त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मेमोत नसलेला मुद्दा पुढं सुचला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41, नियम 2 प्रमाणे कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, आणि समोरच्याला उत्तराची पुरेशी संधी द्यावी लागते. म्हणून मेमो घाईत लिहून घेऊ नका. पण मेमोत लिहिला म्हणून मुद्दा चालतोच असं नाही. खालच्या कोर्टात जो मुद्दा घेतलाच नव्हता, तो वर घ्यायचा तर कोर्ट एकच गोष्ट बघतं: हा निव्वळ कायद्याचा प्रश्न आहे का, आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तुस्थिती आधीच रेकॉर्डवर आहेत का? असतील तर ऐकतं. त्यासाठी नव्यानं साक्षीदार तपासावे लागणार असतील, तर "हे तेव्हाच का नाही सांगितलं?" म्हणून दार लावून घेतं. यात अन्याय नाही. त्या मुद्द्याला उत्तर द्यायला चुलतभावाला तेव्हा संधीच मिळालेली नसते.

दावा मुदतबाह्य होता, हा मुद्दा या चाळणीतून पहिल्या फेरीत सुटतो. मुदत कायद्याचं कलम 3 म्हणतं, प्रतिवादीनं मुद्दा घेतला नसला तरी मुदतबाह्य दावा कोर्टानं फेटाळलाच पाहिजे. आणि गंमत अशी, की कलम 5 ची माफी अपिलाला आणि अर्जाला आहे, दाव्याला नाही. तुमचा उशीर माफ होऊ शकतो. चुलतभावाचा उशीर झाला असेल तर तो कलम 5 खाली माफ होऊ शकत नाही.

पण थांबा. चुलतभावाच्या दाव्याचा शेवटचा परिच्छेद, त्यानं कोर्टाकडे नेमकं काय मागितलंय तो, वकिलांकडून पुन्हा वाचून घ्या. नुसतं "मी मालक आहे असं जाहीर करा" एवढंच मागितलं असेल, तर मुदत 3 वर्षांची. समजा, उताऱ्यावर तुमच्या वडिलांचं नाव 2009 मध्ये लागलं आणि ते त्याला तेव्हाच माहीत होतं असं त्यानं दाव्यातच लिहिलंय; मग 2017 चा दावा उघड उघड उशिराचा. पण "मालकी जाहीर करून ताबा द्या" असं मागितलं असेल, तर मालकीच्या जोरावर ताबा मागणाऱ्या दाव्याला मुदत 12 वर्षांची आहे, आणि 2009 ते 2017 त्यात आरामात बसतं. तुम्हाला ताब्याची दरखास्त आलीय. म्हणजे हुकूमनाम्यात ताबा आहे, आणि ताबा मागितल्याशिवाय मिळत नाही. मला वाटतं, हा मुद्दा तुमच्या नव्या वकिलांना वाटतो तेवढा धारदार नाही. शिवाय त्याला कधी कळलं, तुमचा ताबा उघड उघड विरोधात कधीपासून, हे साक्षीपुराव्याचे प्रश्न झाले की मुद्दा निव्वळ कायद्याचा राहतच नाही. मेमोत लिहाच, पण सगळं अपील त्यावर उभं करू नका. खालच्या कोर्टानं मोजणीचा नकाशा, जुने उतारे, साक्षीतल्या कबुल्या नीट वाचल्या का, हे मुद्दे बहुधा जास्त कामाचे निघतील. पहिल्या अपिलात वस्तुस्थितीही पुन्हा तपासून घेता येते. दुसऱ्या अपिलात धारवाडला फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उरतो.

  

आता ट्रंकेतला कागद. अपिलात नवा पुरावा हा अपवाद आहे. ऑर्डर 41, नियम 27 त्याला तीन वाटा देतो: खालच्या कोर्टानं घ्यायला हवा होता तो पुरावा नाकारला; किंवा पुरेशी खटपट करूनही तो तेव्हा तुमच्या माहितीत नव्हता वा आणता आला नाही; किंवा निकाल देण्यासाठी वरच्या कोर्टालाच त्याची गरज वाटली. पहिली तुम्हाला लागू नाही. दुसरीत अडचण ही की कागद तुमच्याच घरात होता. "स्वतःच्या आईची ट्रंक सात वर्षांत उघडली नाही?" याला कोर्टाला पटेल असं उत्तर शोधावं लागेल. मोडी वाचता येणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून ते बिनकामाचं कागदपत्र समजून बाजूला पडलं, हे खरं असेल तर तसंच लिहा.

त्याआधी कैफियत काढा. आजोबांच्या वेळी वाटणी झाली आणि हे 22 गुंठे आमच्या वाट्याला आले, असं वडिलांनी त्यात लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर कागद त्या म्हणण्याला आधार देतो, आणि तिसऱ्या वाटेनं कोर्टाला तो हवासा वाटू शकतो. लिहिलंच नसेल, तर कागद कितीही अस्सल असो, जे म्हणणं मांडलंच नाही त्याचा पुरावा कोर्ट बघत नाही. मग कैफियत दुरुस्तीचा अर्ज आला, आणि खटला सुरू झाल्यावर ती दुरुस्तीही सहजी मिळत नाही.

कागद नुसता मोडीत देऊन चालणार नाही. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर, मग कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर. मोडीची चांगली जाण असलेली माणसं कोल्हापुरात मिळतात. आणखी एक बघून घ्या: त्या कागदानंच वाटणी होते आहे, की आधी तोंडी झालेल्या वाटणीची ती आठवण म्हणून लिहिलेली यादी आहे? पहिल्या प्रकाराला नोंदणी लागते, दुसऱ्याला लागत नाही. मुद्रांक कमी पडला असेल, तर कर्नाटकाच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे शुल्क आणि दहापट दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात येत नाही. 22 गुंठ्यांसाठी हा खर्च परवडतो का, ते बसून ठरवा.

सगळ्यात तातडीचं शेवटी राहिलं. नुसतं अपील टाकल्यानं दरखास्त थांबत नाही, आणि उशिराच्या अपिलात तर विलंबाचा प्रश्न सुटून अपील ऐकायचं ठरेपर्यंत स्थगिती देऊ नये असं ऑर्डर 41 च्या नियम 3अ मध्येच लिहिलंय. त्यामुळं विलंब माफीचा अर्ज अपिलाबरोबरच जोडा आणि वकिलांना तो लवकर ऐकण्याची विनंती करायला सांगा. माफी मिळालीच तर खर्च भरण्याच्या अटीवर मिळेल, त्याची तयारी ठेवा. नाकारली गेली तर त्यावरही धारवाडला दुसरं अपील करता येतं.

वडील गेल्यामुळं अपील आता तुम्हाला वारस म्हणून करावं लागेल. आई, भाऊ, बहिणी, सगळे वारस त्यात यायला हवेत. एक राहिला तरी पुढं अडचण होते. आईंना तालुका कायदा सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नव्या वकिलांच्या फीचं ओझं वाटत असेल तर तेही बघा.

आणि दरखास्तीची जी तारीख नोटिशीवर आहे त्या दिवशी कोर्टात हजर राहा, वकीलपत्र दाखल करा, अपील करतो आहोत हे सांगून मुदत मागा. अपिलाच्या धावपळीत ही तारीख चुकली, तर तुमच्या अपरोक्ष ताब्याचा हुकूम होऊन कोर्टाचा अमीन थेट बांधावर येईल.